झेंड्यापुरती मुलगी

वातिया, तुतुइला बेट, अमेरिकन समोआ
१८ जानेवारी २००५

ती. मारेताआईस,
लेइतूचा वाकून नमस्कार. वि. वि.

देवाच्या कृपेने इथे सगळे बरे आहेत. तुझं नाताळचं पत्र परवा पोचलं. कुवेतमध्ये थंडी वाजते हे वाओसाआईला पटत नाही. ती म्हणते, वाळवंटात थंडी वाजते म्हणजे मारेता आजारी आहे आणि लपवते आहे. तिला वेगळ्या चार ओळी लिही. नाहीतर ती पाद्रीबुवांना सांगून रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना लावेल, आणि सगळ्या गावाला तू तापाने फणफणली आहेस असं वाटेल.

माशांच्या कारखान्यात तुझी जागा अजून ठेवली आहे. मुकादम म्हणाला, मारेता परत आली की तिच्या टेबलावर तीच उभी राहील, फक्त तिने आम्हाला सॅल्यूट करायला लावू नये. मी सांगितलं की राखीव सैनिक सॅल्यूट महिन्यातून एकदाच, कवायतीच्या शनिवारी करतात. तो म्हणाला, मग गेले वर्षभर ती तिकडे काय करते आहे.

आता बातमी. होनोलुलूच्या कॉलेजने मला घेतलं. जमीन मोजणीचा अभ्यासक्रम, मला हवा होता तोच. वाओसाआई म्हणाली, शिकून आलीस की आधी शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर मोज, अर्धं तरी आपल्या जागेत निघेल.

दुसरी बातमी लिहायला मला दोन दिवस लागले. राखीव सैनिकांच्या कुटुंबांना कॉलेजची फी देणारा जो निधी आहे, तिथे मी ऑक्टोबरमध्ये अर्ज केला होता. अर्जात आईचं नाव विचारलं होतं, मी तुझं लिहिलं. सोबत जन्मदाखला लावला, त्यावर वाओसाआईचं आहे. निबंधात मी लिहिलं की माझ्या दोन्ही आयांनी मला वाढवलं, त्यातली एक सध्या युद्धावर आहे. निधीचं उत्तर आलं. सार्जंट मारेता ही अर्जदाराची मावशी आहे. भाची कुटुंबात मोडत नाही. अर्जदाराने नातं खोटं सांगितलं, म्हणून अर्ज बाद, आणि पुन्हा असं केल्यास कायमचा बाद.

'खोटं' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मी कुठे खोटं बोलले ते मला सापडलं नाही.

माझ्या वर्गातल्या इओसेफोला मात्र शिष्यवृत्ती मिळाली. त्याच्या आईने परवाच्या नाही, त्याआधीच्या नाताळात त्या लान्स कॉर्पोरलशी लग्न केलं ना, त्याच्या नावावर. तो माणूस अजून त्याला इओआने म्हणून हाक मारतो.

पैशाशिवाय होनोलुलू होणार नाही, हे मला माहीत आहे. तू तिकडे काळजी करू नकोस. फक्त सांग, मी काय लिहायला हवं होतं.

कळावे. माया आहे तशी दाट राहू दे.
तुझी मुलगी,
लेइतू

•

छावणी, कुवेत
३ फेब्रुवारी २००५

चि. लेइतूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू खोटं बोलली नाहीस. हे वाक्य आधी पाठ कर, मग पुढचं वाच.

गेल्या वर्षी निघताना आम्हाला एका टेबलासमोर बसवून विचारलं होतं, मेलात तर कोणाला कळवायचं. मी सांगितलं, लेइतू. नातं काय. मी सांगितलं, मुलगी. अधिकाऱ्याने तुझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि पुढचं पान काढलं. शवपेटीवरचा झेंडा कोणाच्या हातात द्यायचा. लेइतू, मुलगी. त्याने जन्मदाखला मागितला नाही. वाओसाचं नाव विचारलं नाही. टेबलामागे उभ्या असलेल्या पाद्र्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझी लेक भाग्यवान आहे.

म्हणजे मी पेटीतून परत आले तर तू माझी मुलगी. मी चालत परत आले तर तू माझी भाची. झेंडा घ्यायला मुलगी आणि फी घ्यायला भाची, हा हिशेब कोणी बसवला ते मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे.

मी निधीला पत्र लिहिलं आहे. त्यात सांगितलं की आमच्या भाषेत आईला तिना म्हणतात आणि आईच्या बहिणीलाही तिनाच म्हणतात. तुमच्याकडे दोन शब्द आहेत म्हणून आमची मुलगी खोटारडी ठरत नाही. ती दोन आठवड्यांची होती तेव्हापासून माझ्या मांडीवर झोपली आहे. तुम्हाला खात्री करायची असेल तर वातियात कोणालाही विचारा, डुकरांनासुद्धा माहीत आहे. शेवटचं वाक्य सिआकीमामाने वाचलं तर तो खोडायला सांगेल, म्हणून त्याला प्रत पाठवण्याआधी मूळ पत्र टपालात टाकलं.

आमच्या कॅप्टनला मी हे सांगितलं. ओहायोचा आहे, वयाने इओसेफोपेक्षा जरा मोठा. तो म्हणाला, सार्जंट, नियम म्हणजे नियम. त्याच दिवशी त्याला नवे बूट हवे होते. भांडार माझ्या ताब्यात आहे. मी म्हटलं, नियमाने तुमचे बूट पुढच्या महिन्यात.

थंडी खरी आहे. वाओसाला सांग, मी मोज्यांवर मोजे घालते आणि मला ताप नाही. तू कॉलेजला होकार कळव. बाकीचं मी बघते.

कळावे. तुझी आई, आणि हे कोणाला मान्य नसेल तर त्याने इथे येऊन सांगावं,
मारेता

•

कार्सन, कॅलिफोर्निया
१९ फेब्रुवारी २००५

ती. मारेताताईस,
धाकट्या सिआकीचा आदराने नमस्कार. वि. वि.

तुझं निधीला लिहिलेलं पत्र वाचलं. डुकरांबद्दलचं वाक्य हे मी विमा कंपनीतल्या वीस वर्षांत वाचलेल्या पत्रव्यवहारातलं सर्वात प्रामाणिक वाक्य आहे. त्याचा उपयोग होणार नाही.

मी तिथे फोन केला. श्रीमती हॉलवर्सन नावाच्या बाई भेटल्या. त्या वाईट नाहीत, हे तुला सांगताना मला जरा अडचण होते आहे. त्यांनी लेइतूचा निबंध वाचला होता आणि आवडला होता. त्यांनी फार जपून विचारलं की या दोन्ही आया एकत्र राहतात का. मी म्हटलं, हो, एकाच अंगणात. त्या म्हणाल्या, त्यांचं नातं आम्ही समजू शकतो, पण निधीला अजून ते मान्य नाही. मी म्हटलं, अहो, सख्ख्या बहिणी आहेत. त्यानंतर फोनमधून नियमांची पानं उलटल्याचा आवाज आला.

त्यांच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, पोटची मुलं, सावत्र मुलं आणि कोर्टातून दत्तक घेतलेली मुलं. मी इओसेफोचं उदाहरण दिलं. म्हटलं, एका नाताळाचा सावत्र बाप चालतो आणि सतरा वर्षांची आई चालत नाही का. त्या म्हणाल्या, सर, मला कळतंय, पण लग्नाचा दाखला असतो. ताई, मी स्वतः दिवसभर लोकांना हेच सांगतो. पहिल्यांदाच ते दुसऱ्या बाजूने ऐकलं आणि माझे कान गरम झाले.

मार्ग एकच आहे. लेइतूला मेमध्ये अठरा पूर्ण होतील. त्याआधी कोर्टातून तिला दत्तक घे. तू तिकडे असलीस तरी मुखत्यारपत्रावर चालेल, मी चौकशी केली आहे. मग नवा अर्ज, आणि श्रीमती हॉलवर्सन यांनी तो स्वतः पुढे नेण्याचं कबूल केलं आहे. पण वाओसाताईला न्यायाधीशासमोर उभं राहून सांगावं लागेल की या मुलीवरचा आईचा हक्क ती कायमचा सोडते. हे फक्त कागदावर. घरात काही बदलणार नाही.

हे वाओसाताईला तूच कळव. मी कळवू शकत नाही. मला अजून ती लहानपणी नारळाच्या झापाने मारायची तो आवाज आठवतो.

कळावे. भावावर राग असेल तर तो पत्रातच संपव, घरी आणू नकोस.
तुझा,
सिआकी

•

वातिया
६ मार्च २००५

चि. मारेतास,
मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. त्याआधी चार शब्द सुनवायचे होते, पण रीत ती रीत.

मी ऐकलं. तुझ्याकडून नाही. सिआकीने त्याच्या बायकोला सांगितलं, बायकोने आऊआ गावातल्या तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं, आणि बहिणीने मला बसमध्ये सांगितलं, माझ्या मांडीवर तिची तारोच्या कंदांची टोपली ठेवून. सगळी बस ऐकत होती. ड्रायव्हरने गाणी बंद केली. ती म्हणाली, वाओसा, म्हणे तू लेइतूला कोर्टात सोडून देणार. मी टोपली तिच्या मांडीवर परत ठेवली आणि उतरले. पुढचा सगळा डोंगर चालत आले. या वयात.

तुझं बाळ गेलं तेव्हा तू तीन दिवस पंख्याकडे बघत पडली होतीस. तेव्हा मी लेइतूला आणून तुझ्या कुशीत ठेवलं. कोणी मला सांगितलं नव्हतं. तुझी कूस रिकामी होती म्हणून दिली, माझी भरून वाहत होती म्हणून नव्हे. तुला दूध नव्हतं, तर पाजायला मीच यायचे. ती तुझ्या घरात झोपली आणि माझ्या घरात जेवली, आणि मार दोन्ही घरांत खाल्ला. यातलं मी सोडलं काय आणि कधी?

त्या निधीच्या लोकांना म्हणावं, आम्ही बसलासुद्धा आइंगा म्हणतो, कुटुंब म्हणतो. त्या बसमध्ये तीस माणसं बसतात, एखादं डुक्कर बसतं, आणि म्हातारी चढली की सगळे उठतात. तुमचं कुटुंब आमच्या बसपेक्षा लहान आहे.

आणि राखीव म्हणजे काय गं? गरज पडली तर बोलवायचं ते. यांना गरज रोज पडते. या बेटावरच्या प्रत्येक घरातून एक पोर तिकडे आहे. राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला आम्ही चालत नाही, त्याच्यासाठी मरायला चालतो. तेव्हा कोणी विचारत नाही की ही कोणाची कोण.

मी कोर्टात जाणार नाही. लेइतूला मी हे सांगितलं नाही, पण ती बसमध्ये न बसताही सगळं ऐकते.

कळावे. मोजे घाल. माझी माया मी कुठल्या कागदावर सोडलेली नाही.
वाओसा

•

छावणी, कुवेत
२१ मार्च २००५

ती. वाओसाताईस,
मारेताचा वाकून नमस्कार. वि. वि.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. सिआकीच्या बायकोबद्दल तू जे लिहिलं नाहीस तेही खरं आहे.

मला तुझ्याकडून मुलगी नको आहे. ती माझी आहेच आणि तुझीही आहे. मला त्यांच्याकडून फी हवी आहे. ती माझ्या घामाची आहे. मी यांच्यासाठी वाळू खाते आहे आणि ते मला माझ्याच घरातली नाती शिकवतात. रागाने माझी झोप उडाली आहे. पण राग आला म्हणून मुलीचं कॉलेज जाऊ द्यायचं, तर मग नुकसान त्यांचं काय झालं?

एक गोष्ट सांगते, ती लेइतूला वाचून दाखवू नकोस. माझ्या तंबूत एक पोरगी होती, आयडाहोची. बावीस वर्षांची. दात पुढे होते, हसताना तोंडावर हात धरायची. ती राखीव दलात आली ती कॉलेजच्या फीसाठी. तिच्या घरात सैनिक कोणी नव्हतं, म्हणून तीच झाली. परवा तिचे बूट मी भांडारात परत जमा करून घेतले. तसा नियम आहे. जोड स्वच्छ असेल तर पुन्हा देतात.

इथल्या निम्म्या पोरी त्याच वाटेने आल्या आहेत. भरतीचं ऑफिस आपल्या बंदरावर आहे आणि त्याचं दार कधी बंद नसतं. लेइतू हट्टी आहे, तुझ्यावर गेली आहे. तिला दुसरी वाट उरली नाही तर ती ही वाट धरेल. मी वर्दी घातली ती एका घरात एकीने घातली की पुरे, असं समजून.

म्हणून पाया पडते, जा. न्यायाधीश काय विचारेल ते विचारेल. तू फक्त हो म्हण. एकच शब्द आहे. देवाला खरं काय ते माहीत आहे, आणि त्याला दुभाष्या लागत नाही.

कळावे. रागावलीस तरी माझीच राहा.
मारेता

•

वातिया
२४ एप्रिल २००५

चि. मारेतास,
आशीर्वाद.

गेले होते. चर्चचा पांढरा झगा घातला, लेइतूने केस विंचरून दिले. सगळ्या वाटेवर मी हो म्हणायचा सराव केला. लेइतू म्हणाली, आई, तू काय पुटपुटते आहेस. मी म्हटलं, भजन.

न्यायाधीश मुख्य भूमीचे, आवाज मऊ. दुभाष्या लेओने गावचा, त्याच्या आईबरोबर मी कारखान्यात काम केलं आहे. आधी सोपं विचारलं. मारेता माझी सख्खी बहीण का. हो. तिने मुलीला वाढवलं का. हो. ती चांगली बाई आहे का. हो म्हटलं, तू समोर नव्हतीस म्हणून.

मग न्यायाधीश एक लांब वाक्य बोलले. दुभाष्या छताकडे बघू लागला. त्याने रुमाल काढला. त्या वाक्याला आपल्या भाषेत शब्द नाही, मारेता. त्यांनाही हे कोणी सांगितलं नसणार. त्याने शोधला, आणि त्याला जो सापडला तो कारखान्यातला. खराब मासा आपण बाजूच्या डब्यात भिरकावतो ना, तो शब्द. तो मला म्हणाला, तू या मुलीला कायमची टाकून दिलीस का?

लेइतू मागच्या बाकावर बसली होती.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. नाही बाहेर आलं.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. दुभाष्याने पुन्हा तोच शब्द वापरला, जरा हळू आवाजात. मी म्हटलं, माझ्या मुलीला मी टाकलं नाही. मारेताच्या मुलीलाही मी टाकलं नाही. माझ्या घरात कोणी कोणाला टाकत नाही, तुमच्याकडे टाकत असतील तर मला माहीत नाही. हे त्याने सगळं भाषांतर केलं की नाही, देव जाणे. न्यायाधीशांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाले, असं असेल तर माझ्याने हे होणार नाही. ते म्हणाले, मुलगी त्याच घरात राहणार, आई तीच राहणार, फक्त फीसाठी कागद बदलायचा, अशी प्रकरणं फार येतात आणि कायद्यात त्यांना जागा नाही. वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

बाहेर व्हरांड्यात दुभाष्या माझ्यामागे आला. म्हणाला, काकू, चुकलो, दुसरा शब्द वापरायला हवा होता. मी विचारलं, कोणता? त्याने पुन्हा रुमाल काढला. मी म्हटलं, सापडला की सांग.

तू पाया पडून मागितलेला एक शब्द मी दिला नाही. तू मला हवं ते लिही. पण माझ्या जागी तू असतीस आणि ती मागे बसली असती, तर तुझ्याही तोंडून हो निघालं नसतं. तेवढं मनात कबूल कर आणि मग लिही.

लेइतू बसमध्ये माझा हात धरून बसली. लहानपणानंतर पहिल्यांदा.

कळावे. बहिणीला पदरात घे, यावेळी तिला गरज आहे.
वाओसा

•

वातिया
२३ मे २००५

ती. मारेताआईस,
लेइतूचा वाकून नमस्कार. वि. वि.

गेल्या आठवड्यात मला अठरा पूर्ण झाली. वाओसाआईने तारोच्या पानांचं पालुसामी केलं आणि नारळाचं दूध जास्त घातलं. मारेता असती तर नावं ठेवली असती, असं म्हणून तिने स्वतःच ठेवली.

हे पत्र तू बसून वाच.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी बंदरावरच्या भरतीच्या ऑफिसात गेले. आत इतकं गार होतं की मला तुझी आठवण आली. तिथल्या सार्जंटने मला उंची विचारली, शाळा विचारली, पोहता येतं का विचारलं. वातियाची आहे म्हटल्यावर तो हसला आणि तो प्रश्न खोडला. आई कोण ते त्याने विचारलं नाही. अठरा पूर्ण असल्यामुळे कोणत्याच आईची सही लागली नाही.

त्याच्या टेबलावर त्याच निधीचं पत्रक होतं. वर छापलं आहे: राखीव सैनिक, किंवा त्यांचे कुटुंबीय. मी दुसऱ्या शब्दांत बसले नाही, तर पहिल्या शब्दांत बसले. प्रशिक्षण झालं की कॉलेज, फी पूर्ण. कॉलेजने जानेवारीपर्यंत जागा ठेवली आहे. मी कोणाशी खोटं बोलले नाही. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गेल्या वर्षभरात ही अशी पहिलीच जागा होती.

तू वाओसाआईवर चिडू नकोस. ती मला थांबवायला दारात आडवी बसली होती, आणि शेजारणींनी तिला उचललं. ती स्वतःला दोष देते. म्हणून तुला एक सांगते, तिलाही सांगितलं आहे. कोर्टात दुभाष्याने तो शब्द उच्चारला तेव्हा मी बाकाची कड घट्ट धरली होती. तिने हो म्हटलं असतं तर मला शिष्यवृत्ती मिळाली असती, आणि तो शब्द मी होनोलुलूला बरोबर नेला असता. ती नाही म्हणाली. मला बरं वाटलं. माझं कॉलेज गेलं असं त्या क्षणी मला कळलं होतं, तरी बरं वाटलं.

आता तू ओरडशील. मी वाट बघते.

कळावे. ओरडून झालं की माया कर.
लेइतू

•

छावणी, कुवेत
८ जून २००५

लेइतू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आत्ता लिहिला तर खोटा होईल.

तुझं पत्र मी बसून वाचलं आणि मग उठून भांडाराच्या मागे गेले, कारण तिथे कोणी येत नाही. तुला जमीन मोजायची होती. आता जमिनीवर सरपटशील. मी वर्दीत वाळलेला घाम घेऊन जगते ती तू स्वच्छ कपड्यांत बसून शिकावंस म्हणून. आणि तू एका गार खोलीत जाऊन, उंची सांगून, सही करून आलीस. वाओसाने दारात आडवं बसायला नको होतं, तुझ्या पायांवर बसायला हवं होतं.

पण तुझ्यावरचा राग दोन दिवसांत संपला. उरलेला त्यांच्यावर आहे, आणि तो संपेल असं वाटत नाही. माझी मुलगी म्हणून यांनी तुला एक पैसा दिला नाही. त्यांची शिपाई म्हणून सगळं देतात. दार एकच उघडं ठेवायचं आणि मग म्हणायचं, ही स्वतःहून आत आली.

वाओसाला मी लिहिलं आहे. तिने सांगितलं तसं मनात कबूल केलं. माझ्याही तोंडून निघालं नसतं.

आता ऐक. बूट अर्धा नंबर मोठे माग, पाय सुजतात. पहिल्या दिवसापासून पायांना पावडर लाव, लाज वाटू देऊ नकोस. ओरडणाऱ्याच्या डोळ्यांत बघू नकोस, त्याच्या कपाळाकडे बघ. कशातही पहिली येऊ नकोस आणि शेवटची येऊ नकोस. कोणी स्वयंसेवक कोण असं विचारलं तर तुला इंग्रजी येत नाही. रविवारी चर्चला जा, विश्वास असो नसो, तिथे बसायला मिळतं.

तुझ्या मापाचे बूट आमच्या भांडारात आहेत. मी त्या खणाकडे बघत नाही.

आता, अनेक उत्तम आशीर्वाद.
तुझी आई,
मारेता

•

प्रशिक्षण छावणी, साउथ कॅरोलिना
२१ ऑगस्ट २००५

ती. मारेताआई आणि ती. वाओसाआईस,
लेइतूचा दोघींना मिळून एकच नमस्कार, वाटून घ्यावा. वि. वि.

एकच मजकूर दोनदा लिहिते आहे, एक कुवेतला आणि एक वातियाला, म्हणजे माझ्या पत्रात काय होतं यावरून तुमचं भांडण होणार नाही.

मी बरी आहे. बूट अर्धा नंबर मोठे घेतले. कपाळाकडे बघते. माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून मला समोआ म्हणतात. तारो नाही, बटाटा आहे, रोज आहे. नकाशा आणि होकायंत्राच्या तासाला मात्र मी चुकून पहिली आले. मारेताआई, माफ कर, जंगलात हरवायचं नाटक मला जमेना.

निधीचं पत्र मिळालं. फी मंजूर झाली. खाली श्रीमती हॉलवर्सन यांनी हाताने लिहिलं आहे की त्यांना फार आनंद झाला. मला वाटतं त्यांना खरंच झाला असेल.

परवा आम्हाला एकेक करून टेबलासमोर बसवलं. मारेताआई, तुझ्यासारखंच. टेबलामागे एक कॉर्पोरल होता, च्युइंगगम चघळत. मेलीस तर कोणाला कळवायचं. मी सांगितलं, मारेता. नातं. आई. आणखी कोणी. मी सांगितलं, वाओसा. नातं. आई. त्याने मान वर केली. सावत्र का, म्हणाला. मी म्हटलं, नाही. आई आणि आई. मी जन्मदाखल्यासाठी तयार होते, तिना शब्दासाठी तयार होते, सिआकीमामाला फोन लावायला तयार होते. त्याने खांदे उडवले आणि दोन्ही नावं टाइप केली.

मग त्याने विचारलं, या दोघी एका घरात राहतात की वेगळ्या. मी विचारलं, का. तो म्हणाला, आईवडील वेगळे राहत असले तर प्रत्येक घरात एक झेंडा द्यावा लागतो, त्यात सैन्य हात आखडता घेत नाही. मी म्हटलं, अंगण एक, घरं दोन, आणि चुलीही दोन, कारण पालुसामीवरून त्यांचं पटत नाही. तो म्हणाला, मग दोन.

मी टेबलावरून वाकून बघितलं. आई, दोन. झेंडे, दोन. त्याने शिक्का मारला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. खोटं कोणी म्हटलं नाही.

कळावे. दोघी एकमेकींना सांभाळा, मी जानेवारीपर्यंत येते.
तुमची मुलगी,
लेइतू